मूल हरले, अब्रू कुणाची गेली?

शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस आले की निपाणी, कोगनोळी आणि दूधगंगेपलीकडच्या कागलपर्यंत मैदानांवर चुन्याच्या रेघा पडतात. बारा-चौदा वर्षांची मुले-मुली, कुणी अनवाणी, कुणी थोरल्या भावाचे बूट घालून, शंभर, चारशे, आठशे मीटर पळतात. शर्यत फार तर तीन-चार मिनिटांची. ती संपली की पहिल्या आलेल्याला खांद्यावर घेतात, गुलाल उधळतात. पाचवा-सहावा आलेला मुलगा मैदानाच्या कडेला गुडघ्यांत डोके घालून हुंदके देत असतो आणि त्याच्याभोवती मोठी माणसे गोळा होतात. एक म्हणतो, ‘मुलगा असून रडतोस?’ दुसरा म्हणतो, ‘शाळेचं नाक कापलंस.’ तिसरा बापाकडे वळून म्हणतो, ‘सरावात लक्ष नाही हो त्याचं, सारखा मोबाइल.’ घरी गेल्यावर आजी मीठ-मोहऱ्या घेऊन पुढे येते, कारण तिच्या मते नातवाला कुणाची तरी नजर लागली आहे. यांतल्या कुणाच्याही मनात वाईट नसते. तरीही हे सगळे मिळून त्या मुलाचे नुकसान करतात. ते कसे, हे आपण एकदा नीट तपासले पाहिजे.

आधी रडण्याचे पाहू. जीव तोडून पळणाऱ्या मुलाच्या रक्तात अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके चढलेली असतात, काळीज मिनिटाला १८०-२०० ठोके देत असते, श्वास पुरत नसतो. अंतिम रेषा ओलांडली म्हणून हे सारे तत्क्षणी उतरत नाही. शरीर अजून शर्यतीतच असते आणि निकाल मात्र मनाला कळून चुकलेला असतो. त्यात हे वय असे, की भावना उसळवणारा मेंदूचा भाग पुरता जागा झालेला असतो आणि तिला आवर घालणारा कपाळामागचा भाग विशीनंतरही काही वर्षे घडतच राहतो. अशा वेळी डोळे भरून आले तर त्यात दुबळेपणा कोणता? ज्याने काही पणाला लावले नाही त्याला हरल्यावर रडू येत नाही. महिनोन्‌महिने पहाटे उठून महामार्गाच्या सेवारस्त्यावर पळालेल्या मुलाला ते येते. त्याचे रडणे म्हणजे त्याने खेळ मनावर घेतल्याची खूण आहे, आणि नेमकी तीच आपण पुसून टाकायला सांगतो.

‘मुलगा असून रडतोस?’ या प्रश्नात तर दुहेरी अपमान आहे. मुलाला दुःखाचा हक्क नाही हे एक, आणि रडणे हे बायकांचे हलके काम हे दुसरे. याच मैदानावर मुलगी रडली तर तिला ‘तुला पळायला सांगितलं होतं कुणी?’ असे ऐकावे लागते. म्हणजे मुलाने रडायचे नाही आणि मुलीने पळायचेच नाही, असा हा न्याय आहे.

दाबलेले रडू कुठे जाते, हे मैदानावर उभे राहून कुणीही पाहावे. काही मुले हरताच लंगडू लागतात. पायात गोळा आला, बरगडीत दुखतेय, असे सांगतात. पुष्कळदा पाय ठणठणीत असतो. मग मूल खोटे का बोलते? कारण दुखापत झालेल्याला आपण सहानुभूती देतो, पाणी देतो, खांदा देतो. नुसत्या हरलेल्याला यातले काहीच मिळत नाही. मुलाने आपला नियम अचूक ओळखलेला असतो. हरणे प्रामाणिकपणे कबूल करण्याची सोय आपण ठेवलेली नाही, म्हणून बाराव्या वर्षी त्याला खोट्याचा आधार घ्यावा लागतो. त्याला चारित्र्याचे धडे देण्याआधी आपण आपले वागणे बदलले पाहिजे.

इथे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातला वाचक मला अडवील. तो म्हणेल, ‘साहेब, आमची पोरं पदकासाठी पळत नाहीत, भरतीसाठी पळतात. तिथं डोळे पुसायला कोण येणार? मन आत्तापासूनच दगड केलं पाहिजे.’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, इथल्या गावागावांत फौजी आहेत. नोकऱ्यांची वाट अरुंद आहे. सैन्यभरतीचे सोळाशे मीटर, महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना सोळाशे आणि मुलींना आठशे मीटर, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना तिकडे अर्ज करण्याची मुभा. यामुळे इथल्या मुलाचे आयुष्य खरोखरच काही सेकंदांवर टांगलेले असते. ‘ग्राउंड’ निघाले तर नोकरी, नाही निघाले तर पुन्हा एक वर्ष, आणि वयाची अट जवळ येत चाललेली. अशा तरुणाच्या मनात दोन सेकंदांनी हुकल्यावर काय उसळत असेल, ते ‘धीर धर’ या दोन शब्दांत मावणारे नाही. पण हा आक्षेप आपल्यावरच उलटतो. पळणे हा एकच दरवाजा आपण मुलांसाठी उघडा ठेवला. दुसरे कौशल्य, दुसरे शिक्षण, दुसरी वाट दाखवली नाही. तो दरवाजा बंद झाल्यावर मूल कोसळते, तेव्हा दोष त्याच्या मनाच्या कच्चेपणाला द्यायचा, हे न्यायाचे नाही.

आणि मन दगड केल्याने माणूस कणखर होतो, हेही खरे नाही. कणखरपणा म्हणजे हरल्यानंतरच्या पहाटे पुन्हा मैदानावर येणे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहून आला, आणि मग धावपटू झाला. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तरीही अंतिम फेरीला मुकला. ऑगस्ट २०२३मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक शर्यतीतच बाद झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच, १ ऑक्टोबरला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले. सैनिकाचे मन असे असते. त्याला हरणे लागत नाही असे मुळीच नाही. ते लागूनही पुढच्या शर्यतीची तयारी थांबत नाही, एवढेच.

उलट, सहन कर, गप्प बस, थांबू नको, या शिकवणीचा अतिरेक शरीराच्या इशाऱ्यांनाही मारतो. २०२४च्या पावसाळ्यात झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीसाठी दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक तरुणांचा जीव गेला. उन्हाची वेळ, ढिसाळ व्यवस्था, अपुरी तयारी, अशी त्याची कारणे चर्चिली गेली. त्यांत एक कारण मीही जोडतो: ‘आता मला होत नाही’ असे म्हणण्याची लाज.

मग काय, मुलांना हवे तसे वागू द्यायचे? नाही. भावना आणि वर्तन या दोन गोष्टींतला फरक नीतीच्या विचाराने नेहमी केला आहे, तो इथेही करावा लागेल. राग येणे हा अपराध नव्हे. रागाने प्रतिस्पर्ध्याला ढकलणे हा अपराध आहे. मत्सर वाटणे स्वाभाविक आहे. जिंकलेल्या मैत्रिणीविषयी वर्गात खोटेनाटे पसरवणे अक्षम्य आहे. पंचांच्या निर्णयाने मूल पेटले तर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, तक्रारीची रीत असेल ती पाळावी; पण शिवी दिली तर त्याच जागी थांबवावे आणि माफी मागायला लावावी. जिंकलेल्यालाही हेच लागू. हरलेल्यांच्या तोंडासमोर फटाके लावणे, त्यांच्या शाळेच्या नावाने घोषणा देणे, हा विजयाचा आनंद नसून दुसऱ्याच्या दुःखाची मजा आहे. मुलाला मोकळेपणाने रडू द्या आणि नंतर जिंकलेल्याशी हात मिळवायला लावा. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. खरे तर पहिली नीट झाली तरच दुसरी मनापासून होते.

आता त्या ‘नाक कापलंस’कडे येऊ, कारण या सगळ्याचे मूळ तिथे आहे. हरले मूल, मग नाक कुणाचे कापले गेले? शाळेचे, गल्लीचे, भावकीचे, सर्वांचे. मुलगी तालुक्यात पहिली आली की चौकात फलक लागतो. त्यावर तिचे छायाचित्र लहान आणि शुभेच्छुक पुढाऱ्यांची छायाचित्रे मोठी. पुढच्या फेरीत ती आठवी आली की तेच शुभेच्छुक गायब होतात आणि फलकाखालून तिला शाळेला जावे लागते. तिच्या धावण्यावर आपण आपली प्रतिष्ठा उभी केली, तिला न विचारता, आणि ती कोसळली तेव्हा जाब मात्र तिला विचारला.

आपल्या भागात शर्यत म्हटले की अजून बैलगाडीची शर्यत डोळ्यांपुढे येते. बैल पळतो आणि मान मालकाला मिळतो. पोटच्या पोराकडेही आपण त्याच मालकीच्या नजरेने पाहतो. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना परवानगी देणारे राज्यांचे कायदे वैध ठरवले, ते त्यांत जनावरांचा छळ रोखणाऱ्या अटी आहेत हे पाहून. महाराष्ट्राच्या नियमांत शर्यतीच्या बैलाला काठी, चाबूक, टोचणी लावायला मनाई आहे. आणि माणसाच्या मुलासाठी? २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचे १७वे कलम सांगते की शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करता येणार नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येणार नाही. शाळेची शर्यत हा शाळेचाच भाग आहे. शर्यत हरल्यावर कानशिलात देणारा शिक्षक कायदा मोडतो. कानशिलात देणारा बाप मुलाचा विश्वास मोडतो. दोघांनाही ‘त्याच्या भल्यासाठी’ हे शब्द वापरण्याचा अधिकार राहत नाही.

सीमाभागात या अब्रूला आणखी एक ओझे चिकटले आहे. मराठी शाळा हरली की कन्नड शाळा हरली, असा हिशेब मोठी माणसे मैदानाच्या कडेला उभी राहून मांडतात. सीमेचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. या भागातल्या मराठी माणसाच्या भाषिक हक्कांची लढाई मला माझी वाटते. पण ती तेरा वर्षांच्या मुलाच्या पायांवर लढायची नसते. शेजारच्या लेनमध्ये पळणारा कानडी मुलगा त्याचा प्रतिस्पर्धी आहे, शत्रू नाही. शर्यतीनंतर त्याच्याकडे पाठ फिरवायला आपण शिकवले, तर आपल्या मुलाच्या मनात भाषेचे प्रेम वाढणार नाही, माणसांचा तिटकारा तेवढा वाढेल.

निकाल आणि कामगिरी यांतला फरक तर आपण मुलांना कधी सांगतच नाही. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खासिंग चारशे मीटरमध्ये चौथे आले. ‘मागे वळून पाहिलं म्हणून हरले’ ही गोष्ट साऱ्या देशाला पाठ आहे. पण त्या शर्यतीत पहिल्या आणि दुसऱ्या धावपटूंनी दोघांनीही जागतिक विक्रम मोडला होता, आणि मिल्खासिंगांनी नोंदवलेली वेळ पुढे तीसहून अधिक वर्षे राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली, हे किती जणांना माहीत असते? ते आयुष्यातले सर्वोत्तम पळाले आणि तिघे त्यांच्याहून वेगाने पळाले. वस्तुस्थिती एवढीच. ती आपल्याला पुरत नाही. आपल्याला एक चूक लागते, एक दोषी लागतो. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत दहावी आली. त्याआधीच्या फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता, आणि ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत भारतीय महिला पोहोचली होती ती १९८४च्या पी. टी. उषानंतर थेट तेव्हा. दहावा नंबर एवढेच सांगून त्या धावण्याची किंमत कळते का?

गावच्या मैदानावर तर नंबर आणखी फसवा असतो. चौदा वर्षांखालच्या शर्यतीत एका मुलाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसऱ्याचा आवाजही अजून बदललेला नसतो. एकाच इयत्तेतल्या मुलांच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर सहज पडते. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात पळतात. लवकर वाढलेला जिंकतो, आपण त्याला ‘उपजत खेळाडू’ म्हणतो. उशिरा वाढणाऱ्याला ‘याच्यात काही नाही’ म्हणून घरी बसवतो. दोघांनाही खोटे सांगितले जाते. यावर उपाय एकच: मुलाला त्याची स्वतःची मागची वेळ सांगा. मागच्या महिन्यात आठशे मीटरला तीन मिनिटे लागली आणि आज दोन मिनिटे पन्नास सेकंद लागले, तर सातवा नंबर आला तरी तो पुढे गेला आहे. हे सांत्वन नाही, हिशेब आहे.

आता नजर. कुणी म्हणेल, आजीच्या मीठ-मोहऱ्यांनी कुणाचे काय बिघडते? तिचा जीव आहे नातवावर. खरे आहे. तिने तोंडावरून हात फिरवला, बोटे मोडली, जवळ घेतले, याने मुलाला बरे वाटते. ते तिच्या हाताच्या उबेमुळे, मोहऱ्यांमुळे नव्हे. ती माया अवश्य घ्यावी. तिच्याबरोबर येणारे स्पष्टीकरण मात्र ठामपणे नाकारावे, कारण ते एका दमात तीन अन्याय करते.

पहिला अन्याय बुद्धीवर. आठशे मीटर हरण्याची कारणे साधी असतात. पहिले दोनशे मीटर फार जोरात पळाले आणि शेवटी दम संपला, ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक. रात्री झोप झाली नाही. भरपेट खाऊन आले. काहीच न खाता आले. बूट मोठे होते. ही कारणे शोधता येतात आणि दुरुस्त करता येतात. नजर दुरुस्त करता येत नाही. तिच्यावर फक्त उतारा टाकता येतो. दुसरा अन्याय मुलाच्या कष्टांवर. हरले तर नजर, जिंकले तर नवस. मग त्याने पहाटे गाळलेला घाम कुठल्या खात्यात जमा झाला? आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेतली भाकणूक ऐकायला हजारो लोक जमतात. पाऊसपाणी, पीक, राजकारण, सगळ्याचे भाकीत तिथे होते. त्या माणसांच्या भक्तीशी माझे भांडण नाही. पण पुढचे सारे आधीच ठरले आहे असे ज्या घरात रोज बोलले जाते, तिथल्या मुलाला हरणेही नशिबाचे वाटू लागते, आणि मग ते सराव कशासाठी करील?

तिसरा अन्याय सर्वांत वाईट. नजर लागली म्हटले की ती लावणारे कुणीतरी लागते. ती कोण असते? गावातली प्रतिष्ठित बाई कधी नसते. नवरा गेलेली, मूल नसलेली, ज्यांच्याशी बांधाचे भांडण आहे त्या घरातली, अशीच ती असते. तिने शर्यतीच्या सकाळी मुलाकडे पाहून ‘चांगला पळ रे बाळा’ म्हटले असेल. तेवढ्यावर ती आरोपी ठरते. मुलाच्या दुःखाला आपण द्वेषाची दिशा देतो आणि एका निरपराध बाईला आयुष्यभराचा डाग लावतो. महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, कर्नाटकात २०१७चा आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना कायद्याने अघोरी प्रथा गुन्हा ठरवल्या. घरात मीठ-मोहऱ्या ओवाळणे त्यांत बसत नाही आणि बसूही नये. ते काम कायद्याचे नाही, आपल्या विवेकाचे आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे कबड्डीचे राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू होते आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करताना २० ऑगस्ट २०१३ला त्यांचा खून झाला. मैदान आणि विवेक एकाच माणसात नांदू शकतात, हे त्यांच्या आयुष्याने दाखवले.

मुलींबद्दल वेगळे लिहावे लागते, कारण त्यांच्या हरण्याची अर्धी कारणे बोलायलाच बंदी आहे. पाळीच्या दुसऱ्या दिवशी पोटात कळा येत असताना मुलगी चारशे मीटर पळते. पीटीच्या सरांना सांगता येत नाही. घरी सांगितले तर ‘कावळा शिवलाय, कुठं चाललीस’ म्हणून स्पर्धाच बुडते. म्हणून ती गप्प राहून पळते, शेवटची येते, रडते, आणि रडण्याचे कारणही सांगू शकत नाही. शिवाय रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१मध्ये, देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, शेवटच्या दीडशे मीटरमध्ये पाय शिशाचे होतात. अशा मुलीला जिद्दीवर भाषण देणे म्हणजे तिची क्रूर फसवणूक आहे. तिला रक्ततपासणी हवी आहे, शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी नियमाने हवी आहे, आणि डाळ, पालेभाजी, अंडे हवे आहे. घरात अंडे एकच असेल तर ते भावाच्या ताटात जाते, हेही इथेच सांगून टाकतो. आणि मग एखाद्या पराभवाच्या संध्याकाळी, ती अजून हमसत असताना, वडील म्हणतात, ‘आता पुरे झालं पळणं.’ निर्णय आधीच झालेला असतो. तिच्या अश्रूंचे फक्त निमित्त केले जाते.

‘आम्ही मार खाऊनच शिकलो’ हा युक्तिवाद करणाऱ्यांना माझे एकच म्हणणे आहे: तुम्ही टिकलात म्हणून तुम्ही बोलता आहात. जे त्याच माराने मैदान सोडून गेले त्यांना कुणी मोजले? आणि जे टिकले त्यांतल्या काहींचे पुढे काय होते? सप्टेंबर २०२३मध्ये दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत उत्तेजक चाचणी घेणारे अधिकारी आल्याची बातमी पसरली आणि खेळाडूंनी पळ काढला. पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला. कनिष्ठ गटातली एक मुलगी स्टीपलचेसची शर्यत संपल्यावरही थांबेना. अधिकारी मागे आणि ती पुढे धावतच राहिली. शर्यत संपली तरी भीती संपत नाही, अशी अवस्था एका मुलीवर आली. तिला दोष देऊन सुटका करून घेणे सोपे आहे. मुलांच्या हातात उत्तेजक औषध कुणा मोठ्या माणसाच्या लोभातून येते, हे विचारणे अवघड आहे. २००६मध्ये ओडिशात चार वर्षांच्या बुधिया सिंगला ६५ किलोमीटर पळवण्यात आले तेव्हाही रस्त्याच्या दुतर्फा टाळ्या वाजवणारी सगळी मोठीच माणसे होती.

याचा अर्थ सर्वांना सारखी बक्षिसे द्यावीत असा कुणी काढू नये. शर्यतीला पहिला असतो आणि शेवटचाही असतो. खोट्या पदकांनी मूल फसत नाही, त्याचा आपल्यावरचा विश्वास तेवढा उडतो. निकाल खरा सांगावा, स्वच्छ आवाजात सांगावा. प्रश्न निकालानंतर आपण काय करतो हा आहे.

पहिल्या दहा मिनिटांत फार काही करायचे नसते. जोरात पळून एकदम थांबले की रक्त पायांत साचते, चक्कर येते. म्हणून मुलाला हळूहळू चालत ठेवावे, पाण्याचे घोट द्यावेत. भोवतीची गर्दी हटवावी. त्याच्या ओळखीचे, त्याच्या विश्वासाचे एकच माणूस जवळ असावे, आणि त्याने ‘पाहिलं मी, जीव लावून पळालास’ यापलीकडे बोलू नये. तेही खरे असेल तरच. चुका त्या वेळी सांगू नयेत. त्या डोक्यात शिरत नाहीत, फक्त टोचतात. रडणाऱ्या मुलाचे चित्रण करून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणाऱ्याच्या हातातून मोबाइल तिथल्या तिथे काढून घ्यावा. कुणी कोसळलेच तर कांदा फोडून नाकाशी धरू नये, चप्पल तर नाहीच नाही. आडवे निजवून पाय उंच करावेत. अंग तापले असेल आणि मूल असंबद्ध बोलत असेल तर तो उष्माघात असू शकतो. लगेच अंगावर पाणी ओतून थंड करावे आणि १०८ला फोन लावावा. श्वास बसला की जिंकलेल्याशी हस्तांदोलन. कारणांची चर्चा दुसऱ्या दिवशी, वही समोर ठेवून, मुलालाच आधी बोलू देऊन. आणि पंधरा दिवस उलटले तरी झोप नाही, जेवण नाही, शाळा नको वाटते, मरणाची भाषा तोंडी येते, असे असेल तर देवऋषाकडे जाऊ नये. १४४१६ ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची विनामूल्य दूरध्वनीसेवा आहे, धारवाडला सरकारी मानसोपचार संस्था आहे. मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा कसला?

कोगनोळी-निपाणीतल्या शाळांच्या विकास व देखरेख समित्यांना (एसडीएमसी) आणि कागलकडच्या शाळा व्यवस्थापन समित्यांना माझी विनंती आहे. या वर्षीच्या तालुका स्पर्धांआधी एक बैठक घ्या आणि ठराव लिहून काढा: हरलेल्या मुलावर हात उगारणारा किंवा चारचौघांत त्याचा अपमान करणारा माणूस मैदानाबाहेर काढला जाईल, मग तो शिक्षक असो, बाप असो की बक्षिसांचा देणगीदार. त्यावर सह्या करा, ठराव शाळेच्या फळ्यावर लावा, आणि पहिला प्रसंग येईल त्याच दिवशी तो अमलात आणा.